मुलीला जेंडर शिकायचंय, आणि घरात हक्कसोड पत्रावरून भांडण

पत्र नवी मुंबईतल्या घणसोली गावातून आलंय. नाव छापू नका म्हणालेत. चार पानी आहे त्यामुळे मधलं बरंच कापलंय, पण भाषा त्यांचीच ठेवलीये.

"ताई, नमस्कार. माझी मुलगी वाशीला बीए करते, शेवटचं वर्ष. हुशार आहे. आमची इच्छा होती बीएड करावं नाहीतर स्पर्धा परीक्षा द्यावी, पण तिने आता काढलंय की एमए विमेन्स स्टडीज करणार, ते पण देवनारच्या टिसमधून, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून. त्यात काय शिकवतात विचारलं तर म्हणे जेंडर, रेस, कास्ट, सेक्शुअ‍ॅलिटी, सोशल जस्टिस. मला त्यातला जस्टिस तेवढा कळला. गौरीच्या दिवशी सगळं खानदान घरी होतं. वडील वारले, त्यांच्या नावच्या साडेबारा टक्क्याच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या) प्लॉटचं बिल्डरबरोबर फायनल होत आलंय आणि त्यासाठी माझ्या दोन्ही बहिणींचं हक्कसोड पत्र लागतंय. दोघी द्यायला तयार आहेत, कुणी जबरदस्ती केलेली नाही. तर ही सगळ्यांसमोर म्हणाली, आत्यांनीच का सोडायचं, बाबा तुम्ही का नाही सोडत? तिथून जे वातावरण बिघडलं ते बिघडलंच. धाकटा भाऊ म्हणतो अजून अ‍ॅडमिशन नाही तर ही अवस्था, झाल्यावर काय करेल. मला एवढंच विचारायचंय की हे शिक्षण घर मोडणारं आहे का, हे परदेशातलं फॅड आपल्याला कशाला, पुढे नोकरी काय, आणि ते सेक्शुअ‍ॅलिटी वगैरे वाचून पोरगी भलतीकडे गेली तर? आम्ही साधी माणसं, माझा कंपनीचा पगार आणि चार खोल्यांचं भाडं यावर घर चालतं. स्पष्ट सांगा."

दादा, आधी प्लॉटचं बोलू, कारण अ‍ॅडमिशनला अजून वेळ आहे आणि बिल्डरला कधीच वेळ नसतो.

तुमची मुलगी कायद्याने बरोबर आहे, यात इकडे तिकडे करण्यासारखं काही नाही. बाप वारला की त्याच्या वाट्याच्या मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच होतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानेच हिस्सा, ही दुरुस्ती आपल्या महाराष्ट्राने १९९४ ला केली, म्हणजे केंद्राच्या आधी, फक्त ज्यांची लग्नं तोवर झाली होती त्या मुली त्यातून बाहेर राहिल्या. मग २००५ ला केंद्राने कायदा बदलला तेव्हा लग्न झालेल्या पण आत आल्या, आणि तरी लोक वाद घालत होते की २००५ ला बाप जिवंत असेल तरच, तर ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो पण वाद मिटवला, बाप तेव्हा हयात होता की नव्हता याने काही फरक पडत नाही. २००४ च्या डिसेंबरआधी रीतसर वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी, ते तुमचे कागद बघून वकील सांगेल, आणि वकील म्हणजे तुमचा, बिल्डरचा नाही.

पण कायदा बाजूला ठेवा, साधा विचार करा. बहिणींचा हक्क नसता तर बिल्डरच्या वकिलाने त्यांची सही मागितलीच कशाला असती? हक्क आहे म्हणूनच तो सोडायचा कागद लागतो. तुमच्या बहिणी काही मागत नाहीयेत दादा, त्या देतायत, आणि जो देतोय त्याच्याबद्दल घरात निदान एवढं तरी बोललं जावं की हा एवढ्या किमतीचा हिस्सा ही बाई सोडतेय. घणसोलीत आज काय भाव चाललाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

असे कागद मी बऱ्याच घरांत बघितलेत. रजिस्ट्रेशन ऑफिसच्या बाहेर जो टायपिंगवाला बसतो त्याच्याकडे मजकूर आधीच सेव्ह असतो, नाव वय पत्ता आणि सर्व्हे नंबर तेवढा बदलायचा. "मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता..." हे वाक्य बाई ऑफिसात पोचायच्या आधीच छापून तयार असतं, ती येते, फोटो काढते, अंगठा मशीनवर ठेवते, दोन साक्षीदार सही करतात, मग बाहेर भाऊ सगळ्यांना चहा-वडापाव देतो आणि संध्याकाळी घरी एक साडी. खुशी आहे की नाही हे कुठल्याच टेबलावर कुणी विचारत नाही. आणि तरी ती खुशी खोटीच असते असंही मी म्हणणार नाही. बऱ्याच बायका मनापासून सोडतात, कारण त्यांना प्लॉटपेक्षा माहेर जास्त हवं असतं, भाऊबीजेला जायला एक दार हवं असतं, उद्या नवऱ्याशी बिनसलं तर चार दिवस टेकायला जागा हवी असते. आता तुम्ही मनाशी एकच बघा, बहिणीने नाही म्हटलं असतं तर पुढच्या गणपतीला तिला तसंच आमंत्रण गेलं असतं का? गेलं असतं तर तिची खुशी खरी. नसतं गेलं तर तो कागद कसला आहे ते तुम्हीच ठरवा.

आता मुलीचं. तिचंही चुकलंच, आणि हे तिला वाचायला द्या. गौरीच्या दिवशी, दोन्ही जावई समोर बसलेले असताना, भर पंगतीत आत्यांच्या हिश्श्याचा विषय काढला म्हणजे त्या बिचाऱ्यांना सगळ्यांदेखत "नको गं बाई, आम्हाला काही नको" असंच म्हणावं लागणार. एकदा चारचौघांत म्हटलं की मग मनात हो असलं तरी मागे फिरता येत नाही. म्हणजे आत्यांच्या बाजूने बोलायला गेली आणि त्यांचीच वाट बंद करून बसली. तिने आधी आत्यांना विचारलं होतं का? पत्रात तसं काही नाहीये. तुम्ही विचारलं नाही, तुमच्या भावाने विचारलं नाही, बिल्डरने तर नाहीच नाही, आणि जिला हाच विषय शिकायचाय तिनेही नाही विचारलं. ज्यांचं जमिनीतलं नाव जातंय त्या दोघींशी सोडून सगळ्यांशी बोलणं झालंय.

म्हणून प्लॉटपुरता माझा सल्ला असा की कागद घेऊन जाऊ नका. बहिणींकडे त्यांच्या घरी जा, एकेकीकडे वेगळं, धाकट्या भावाला न नेता. बिल्डर किती फ्लॅट आणि किती रोख देतोय ते आकड्यासकट सांगा, आणि म्हणा की यात तुझा इतका होतो, तुला काय हवंय, विचार करून महिन्याभराने सांग. कदाचित एक म्हणेल मला नको, दुसरी म्हणेल माझ्या मुलाच्या शिक्षणाला थोडी मदत करा, तिसरंच काहीतरी निघेल. जे ठरेल ते रजिस्टर करा. त्यानंतर त्यांनी सोडलं तर तुम्हाला पण रात्री झोप लागेल आणि उद्या भाचे कोर्टात जायची भीतीही कमी. हे घर मोडणं नाहीये. मी तर बघितलंय की घरं मोडतात ती पंधरा वर्षांनी, जेव्हा भाच्याला कळतं की आईच्या सहीवर मामाचा टॉवर उभा राहिला.

बरं. आता तो विषय.

परदेशातलं फॅड म्हणालात. विलायती शब्द बरेच आहेत त्यात हे खरं, आणि त्या शब्दांचा मलाही कंटाळा येतो, पुढे बोलते त्यावर. पण मूळ गोष्ट इथलीच आहे हो. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं. एका विधवेला गर्भ राहिला, तिने मूल मारलं म्हणून कोर्टात शिक्षा झाली आणि पेपरवाले समस्त बायकांना शिव्या घालायला लागले, तेव्हा ही बाई चिडून विचारते की बायकांच्या माथी जे जे दोष मारता ते पुरुषांत नाहीत का? तेव्हा कुठलं जेंडर आणि कुठलं काय. रेसचं, म्हणजे वंशाचं म्हणाल तर त्याच्याही नऊ वर्षं आधी, १८७३ ला, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्या तिथल्या माणसांना. पुण्यात बसून, शूद्रातिशूद्रांबद्दल लिहिताना, त्यांना ते तिकडचं प्रकरण आपलंच वाटलं. आणि बाबासाहेब २५ वर्षांचे होते तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ ला त्यांनी जो पेपर वाचला त्यात त्यांचं म्हणणं होतं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर, आणि ते टिकवायचं तर बाईवर बंधन घालावं लागतं, म्हणून सती, म्हणून विधवेला दुसरं लग्न नाही, म्हणून लहानपणीच लग्न. जात आणि बाई हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. हे आज टिसमध्ये शिकवतात तेव्हा ते बाहेरून आणलेलं शिकवत नाहीत. तुमच्या आगरी लोकांचा अलिबागजवळचा चरीचा संप आठवा, खोतांविरुद्धचा, म्हणजे जमीनदारांविरुद्धचा, १९३० च्या दशकातला, त्या कुळांच्या मागे बाबासाहेब उभे होते. तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल तर त्यांना माहिती असेल.

कॉलेजात हा विषय आला तोही मुंबईतूनच. केंद्र सरकारने १९७१ ला एक समिती नेमली होती, देशातल्या बायकांची स्थिती काय ते बघायला, तिचा रिपोर्ट १९७४ चा. सगळ्यांना वाटत होतं स्वातंत्र्यानंतर सुधारलं असेल, तर निघालं उलटंच, १९०१ ला हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या त्या १९७१ ला ९३० वर आल्या होत्या, आणि कामधंद्यातला बायकांचा वाटा पण घटत चाललेला. म्हणजे विद्यापीठांत एवढे प्रोफेसर, पण हे कुणाच्या लक्षातच नव्हतं आलं. त्याच १९७४ ला एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं, देशातलं पहिलं, ते अजून जुहूला आहे. पुण्याला विद्यापीठात सावित्रीबाईंच्या नावाचं केंद्र आहे, तिथे शर्मिला रेगेंनी जात आणि स्त्री एकत्र धरून शिकवायची जी पद्धत बसवली तिच्यावर आजही अख्ख्या देशातली मुलं शिकतायत. २०१३ ला त्या गेल्या, फार लवकर.

रेस आपल्याकडे कुठे, असंही तुम्ही एका ओळीत लिहिलं होतं, ते मी वर कापलंय. चार खोल्या भाड्याने देता ना? मला उत्तर कळवू नका, फक्त मनाशी आठवा की ब्रोकरला तुम्ही काय सांगून ठेवलंय. कुठल्या माणसांना खोली नाही? एकट्या मुलींना? नायजेरियाचा पोरगा आला तर? मणिपूरच्या मुली आल्या तर, मुसलमान जोडपं आलं तर? सोसायटीवाले काय, गाववाले काय, सगळीकडे ही न लिहिलेली यादी असते, आणि कोण ती ठरवतं, कशी टिकते, तिच्यामुळे कुणाला दिघ्याला राहून नेरुळला कामाला जावं लागतं, हा सगळा अभ्यासाचाच भाग आहे. तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाहीये. तुम्हाला भाडं वेळेवर हवंय आणि शेजाऱ्यांची कटकट नको, मला समजतं. पण तुमची पोरगी उद्या पुण्याला किंवा दिल्लीला खोली शोधायला जाईल तेव्हा तिथला घरमालक पण हेच म्हणेल की मला कटकट नको.

एक अमेरिकेची केस सांगते, कारण ती कळली की या विषयातला एक मोठा भाग कळतो आणि पोरीने तो अवघड शब्द फेकला तर तुम्ही गप्प बसणार नाही. जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९६४ च्या आधी काळ्या बायकांना घेतच नव्हते. नंतर घेतलं, पण मंदी आली तेव्हा नियम लावला की जो शेवटी लागला तो आधी जाणार, साहजिकच १९७० नंतर लागलेल्या काळ्या बायका सगळ्याच्या सगळ्या गेल्या. त्यांच्यातल्या पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ ला कोर्ट काय म्हणालं, की कंपनीने बायकांना घेतलंय ना, मग बाई म्हणून अन्याय नाही. बायका म्हणजे गोऱ्या बायका, १९६४ च्या आधीपासून लागलेल्या. आणि काळी बाई असा काही तिसरा वेगळा वर्ग कायद्यात नाही, काळे म्हणून दावा लावा नाहीतर बायका म्हणून लावा, दोन्ही मिळून नाही. त्या दोन्हीच्या मधून सुटल्या. किंबर्ली क्रेनशॉ नावाच्या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ ला या केसवर लिहिलं आणि त्यातून इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द आला. जीभ वळत नाही, माहितीये.

आता हेच घणसोलीला लावून बघा. सिडकोने जमिनी घेतल्या, लोक रस्त्यावर आले, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे अख्खा समाज उभा राहिला, जानेवारी १९८४ ला जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के मिळाले. प्रकल्पग्रस्त म्हणून आगरी-कोळ्यांना हक्क मिळाला, रक्त सांडून मिळाला, आणि तो ज्या घरात पोचला त्या घरात मुलगी म्हणून हक्कसोड पत्रावर सुटला. सरकारच्या हिशोबात तुमची बहीण प्रकल्पग्रस्ताच्या घरची म्हणून धरलेली, आणि घरच्या हिशोबात दिल्या घरची, दोन्ही यादीत तिचं नाव शेवटी काही उरत नाही. हा विषय घेऊन कुणी नीट अभ्यास करावा, प्लॉट किती बायकांच्या नावे राहिले, हे तलाठ्याकडे आणि सिडकोकडे बसून कागद काढून बघावं, तर ते काम खरंच मोलाचं होईल. तुमच्या मुलीसारखी गावातली, आगरी बोलणारी पोरगीच ते करू शकते, दिल्लीहून आलेल्या स्कॉलरला बायका चहा पाजतील आणि काही सांगणार नाहीत. तसंच धवलारीण. लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी, विधी लावणारी आपली बाई, बाकी बहुतेक समाजांत लग्न लावायला भटजी पुरुषच असतो आणि आगऱ्यांकडे बाई लग्न लावत आली, ती आता डीजेच्या आवाजात कुठे गेली, कुणाची मुलगी ते शिकतेय? काही वर्षांत असे लोक संपतील. तुमच्या आईच्या पिढीतल्या किती बायका त्या मोर्चांत होत्या, त्यांचे फोटो कुठल्या बॅनरवर आहेत का? मला तर वाटतं मुलीला टिसचा इंटरव्ह्यू वगैरे काही असेल नसेल, तिने यातला एक विषय आत्ताच धरून ठेवावा.

सेक्शुअ‍ॅलिटीबद्दल तुम्ही दबकत विचारलंय म्हणून दोन वाक्यांत. वाचून कुणी समलैंगिक होत नाही, नाहीतर आजवर सगळे वाचून सरळ पण झाले असते. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ चा तो भाग काढला, दोन सज्ञान माणसांचं संमतीचं नातं गुन्हा नाही, आणि २०१४ पासून तृतीयपंथी माणसाला आपली ओळख आपण सांगायचा हक्क आहे, एवढं तर आता शाळेतल्या पोराला पण माहिती असतं. तिच्या वर्गात अशी मुलं असतील, मित्र होतील, घरी जेवायला येतील, त्यांना नीट वाढा. आणि समजा तुमची मुलगीच तशी असेल तर ती कोर्स न करता पण तशीच असेल, फक्त तुम्हाला सांगणार नाही. मला विचाराल तर यात भिण्यासारखं एकच आहे, तिने सांगायला भिणं.

नोकरी. इथे मी गोड बोलणार नाही. हे शिकून आयटीतल्या मैत्रिणीएवढा पगार सुरुवातीला मिळणार नाही, कदाचित कधीच नाही. प्राध्यापक व्हायचं तर नेट या पात्रता परीक्षेत विमेन स्टडीज हा वेगळा पेपर आहे, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीचा खर्च निघतो, पण कायमच्या जागा फार कमी, कारण बरीच केंद्रं यूजीसीच्या योजनेच्या पैशावर उभी राहिली आणि अशा योजनेचं पुढच्या वर्षी काय होईल ते कुणी सांगू शकत नाही, लोक वर्षानुवर्षं कॉन्ट्रॅक्टवर राहतात. बाकीचं मैदान मात्र मोठं आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, बचत गटांचं काम. उमेद, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान. सामाजिक संस्था. कंपन्यांचं सीएसआर. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालची कामं. आणि एक जे लोकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे तुमच्या दारातलं ऐरोली, महापे, रबाळे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, त्यात एक सदस्य बाहेरचा लागतो, हा विषय जाणणारा, ठराविक काळाने स्टाफला ट्रेनिंग द्यावं लागतं. माइंडस्पेस आयटी पार्कमधल्या कंपन्या मोजा आणि एमआयडीसीतली युनिटं मोजा. तिथे सध्या कुणीही पाच स्लाईड दाखवून ट्रेनिंग उरकतो. नीट शिकलेली, मराठीत बोलू शकणारी मुलगी, जी पॅकिंग लाइनवरच्या बाईला पण समजेल असं सांगेल, अशी माणसं कमी आहेत. एमएच्या जोडीला एलएलबी केलं तर अजून चांगलं, तेवढी वर्षं तुम्हाला परवडतील का ते घरात बसून ठरवा. आणि एक्सेल, थोडं डेटाचं काम शिकायला लावा, कंटाळा करेल पण लावाच. सरकारचा २०२४ चा टाइम यूज सर्व्हे आहे, घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवते आणि करणारा पुरुष ८८, आणि न करणारे पुरुष तर त्या ८८ मध्ये धरलेलेच नाहीत. असे आकडे उघडून वाचता आले तर तिला काम शोधत बसावं लागणार नाही.

या विषयातलं मला काय खटकतं ते पण सांगून टाकते. भाषा. अशी इंग्रजी बोलतात की शेजारच्या डिपार्टमेंटला कळत नाही, आणि मराठी मीडियमची पोरं पहिलं सेमिस्टर वर्गात तोंडच उघडत नाहीत, ज्या विषयाने सगळ्यांना बोलतं करायचं त्याच वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेली पोरं मी बघितलीत. तुमच्या मुलीचं पण असं होईल, होऊ दे, आधी सांगून ठेवा म्हणजे तिला वाटणार नाही की आपणच ढ. दुसरं, पहिल्या वर्षी सगळ्यांना एक ताप चढतो, आई जेवण वाढते त्यात पितृसत्ता, बाप चहा मागतो त्यात पितृसत्ता. उतरतो तो. तोवर तिला एक नियम घाला, की घरात पितृसत्ता हा शब्द काढला की त्या दिवशीची भांडी ती घासणार, आणि दादा, त्या दिवशी धुणं तुम्ही.

माझं मत विचारलंत तर पाठवा. घरून जाऊन येऊन होतं, घणसोलीहून वाशी आणि वाशीहून हार्बरने गोवंडी, हॉस्टेलचा खर्च वाचला, जुहूच्या एसएनडीटीला जायचं म्हणजे अर्धा दिवस लोकलमध्ये जाईल म्हणून ते मी दुसऱ्या नंबरला ठेवेन, आणि पुणे झालं तर तेही चांगलंच. टिसचा प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून असतो, त्यामुळे त्याच्या तारखेवर लक्ष ठेवा, यंदाच्या जाहिरातीत कोर्स आणि फी बघून मगच फॉर्म भरा. आणि ओबीसीतून भरणार असाल तर आपलं राज्याचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर लागतं, तहसीलला ते वेगळं मागावं लागतं आणि शेवटच्या आठवड्यात तिथे उभं राहायला जागा नसते. त्याच्या आठ लाखांच्या हिशोबात खोल्यांचं भाडं धरतात, पगाराचं काय ते तहसीलला विचारा, तेव्हा भाड्याचे कागद आत्तापासून नीट लावून ठेवा, आणि प्लॉटचे पैसे आले की त्याचं काय होतं ते सीएला विचारा, बहिणींचा हिस्सा वेगळा दाखवून.